माहेरच्या रेशनकार्डावरचं नाव

आमच्या गावात आरोग्य विम्याच्या कार्डाचं पहिलं शिबिर भरलं ते ऐन मार्गशीर्षात. मंडप होता, बॅनर होता, चहाचा थर्मास होता. माणसं तेवढी नव्हती. शिरूर कासार तालुक्यातलं आमचं गाव दसरा झाला की ऊसतोडीला निघतं ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतं. मधल्या दिवसांत गावात उरतात म्हातारी माणसं आणि शेरडं. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी तासभर वाट पाहिली, रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहून फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "प्रतिसाद कमी आहे हो तुमच्या गावात."

मी या गावची आशा कार्यकर्ती. गरोदर बायकांच्या तपासण्या, लेकरांच्या लसी, तापाच्या गोळ्या हे माझं काम. जीभ आवरणं हे माझ्या कामात कुठं लिहिलेलं नाही. मी म्हणाले, "साहेब, प्रतिसाद कारखान्यावर ऊस तोडायला गेलाय. पाडव्याला येईल, तेव्हा या."

साहेब हसले नाहीत. पण पुढच्या वर्षी निरोप आला की आता तुमच्या मोबाईलवरूनच कार्डं काढायची आहेत, तुम्हाला हवी तेव्हा काढा. माझी सासू म्हणायची, हिला आशा कुणी केलं, ही तर फौजदार व्हायची. तर त्या वर्षी मी फौजदारीच केली. भाद्रपदात, सगळं गाव गावात असताना, रेशन दुकानाच्या ओट्यावर टेबल टाकलं. धान्य घ्यायला सगळे येणारच होते. येताना रेशनकार्ड आणणारच होते. मग त्यांना आणखी कुठं बोलवायची गरज काय?

तरी लोक पिशव्या भरभरून कागद आणायचे. लाईटबिल, लसीकरणाचं कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला. एका आजोबांनी लेकाची लग्नपत्रिका आणली होती, का तर तिच्यात सगळ्या भावकीची नावं छापलेली होती. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: रेशनकार्ड, आधारकार्ड आणि स्वतः. बाकी काही आणू नका. सरकारी काम दोन कागदांत होतं यावर कुणाचाच विश्वास बसेना. "ऱ्हाऊ द्या ताई, असूं द्या संग, कामी येतं," म्हणत पिशव्या येतच राहिल्या.

दुसरी अडचण बोटांची. कोयत्याच्या मुठीनं आणि उसाच्या पाचटानं आमच्या माणसांच्या बोटांवरच्या रेघा झिजून गेलेल्या. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. खोबरेल लावून बघ, कोमट पाण्यात बुडवून बघ, पदराला पूस, पुन्हा लाल दिवा. नंतर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली तेव्हा मला वाटलं, सुटले. तर तिथं वेगळाच घोळ. मोबाईल समोर धरला की तो सांगतो, डोळ्यांची उघडझाप करा. आता मागं रांगेत सासरा उभा, चुलत सासरा उभा आणि सुनेनं त्यांच्यासमोर डोळे मिचकवायचे! बायका लाजेनं खाली बघायच्या आणि मोबाईल म्हणायचा, चेहरा दिसत नाही. दोन दिवस डोकेफोड करून मी शेवटी टेबल फिरवलं. रांगेकडं पाठ आणि भिंतीकडं तोंड. त्या दिवसापासून सुना पटापट डोळे मिचकवायला लागल्या, वर हसायलाही लागल्या. याच्याइतकी सोपी सुधारणा मी दुसरी केली नसेल.

आता तिची गोष्ट सांगते, कारण हे सगळं सांगायला बसले ते तिच्यामुळंच.

ती आमच्या गावची सून, पंचविशीतली. नवऱ्याबरोबर दर साल तोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळं एकाला मागं राहता येत नाही. एका पाडव्याला परत आली तेव्हा विहिरीवरून घरापर्यंत येताना दोनदा खाली बसली. मी आधी अशक्तपणाच असेल असं धरून चालले, गोळ्या दिल्या. फरक पडेना तेव्हा बीडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीची सोनोग्राफी करायला लावली आणि सांगितलं की हृदयाची एक झडप आकसलीय. लहानपणी कधीतरी ताप येऊन गेला असेल, त्याचं हे. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात फुगा घालून ती झडप उघडता येईल, फार मोठी चिरफाड नाही. विम्याचं कार्ड असलं तर काही लागणार नाही. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाले, "आणि एक लक्षात ठेवा. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ही फळीवरून ट्रकात चढायला लागली, तर यंदा ती परत येईलच असं मी सांगू शकत नाही."

हे तिच्यासमोर सांगितलं त्यांनी. परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "ताई, दसऱ्याच्या आत व्हईल ना वो?"

"होईल की," मी म्हणाले. "तुझं कार्ड मी स्वतः काढते."

आणि तिचंच कार्ड निघेना. नवऱ्याच्या रेशनकार्डाचा नंबर टाकला की यादी यायची सासऱ्यांची, सासूची आणि नवऱ्याची. हिचं नावच नाही. लग्नाला पाच वर्षं झालेली. मी तिच्या सासूला विचारलं, "काकू, सुनेचं नाव कावून न्हाई घातलं?"

"घालायचंच व्हतं की. दर साली पाडव्याला म्हणतो आन ऱ्हाऊन जातं," काकू म्हणाल्या. "तिच्या म्हायेरचा दाखला पायजे म्हणत्यात. त्यो कुठं आलाय?"

म्हणजे माहेरच्या कार्डावरचं नाव कमी करायचं, तसा तहसीलचा दाखला आणायचा, तो जोडून इथं अर्ज करायचा, मग इथल्या कार्डावर नाव चढणार, मग ते कधीतरी विम्याच्या यादीत उतरणार. दसराच काय, त्यात संक्रांतही गेली असती. तोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक कुणासाठी थांबत नाही. मी तिच्यावरच चिडले. "तुझ्या वडलांना काय झालं होतं गं? लेक दिली, मग एक दाखला देता येत नव्हता?"

तिनं आधारकार्ड पिशवीत घातलं आणि उठली. मला तेव्हा वाटलं, वडलांची बाजू घ्यायला तोंड नाही हिला.

माझ्या मनात माझे वडील होते. माझं माहेर दिंद्रुड. वडील कागदपत्रांना अगदी पक्के. लग्नाला आठ दिवस व्हायच्या आत त्यांनी माझं नाव कमी करून आणलं आणि दाखला माझ्या हातात ठेवला. मी ही गोष्ट गावभर सांगायचे. लग्न झालं की आठ दिवसांत नाव काढून घ्या, म्हणजे लेकीची फरफट होत नाही, असं प्रत्येक मुलीच्या बापाला ऐकवायचे. अगदी लग्नाच्या मांडवातसुद्धा ऐकवलंय.

तिचे वडील पालीकडं, बिंदुसरेच्या धरणाच्या बाजूला शेरडं-मेंढरं राखायचे. मी त्यांना फोन लावला. मागून मेंढरांची बें बें ऐकू येत होती. म्हटलं, "बाबा, लेकीचं नाव कमी केल्याचा दाखला घ्या आणि रेशनकार्ड घेऊन तडक इकडं या. तिच्या जिवाचा प्रश्न आहे."

"हां हां, येतो," ते म्हणाले. हा 'हां हां' मला चांगला ठाऊक आहे. या 'हां हां'वर मी कुटुंबनियोजनाच्या कितीतरी खेपा फुकट घातल्यात.

पण ते आले. घट बसल्याच्या तिसऱ्या दिवशी, बीडला एसटी बदलून. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. खताच्या पिशवीच्या कागदात गुंडाळलेलं रेशनकार्ड त्यांनी अंगातल्या कोपरीच्या आतून काढलं. ओट्यावर मोठी रांग होती. लेक आणि तिची सासू भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"दाखला?" मी हात पुढं केला.

"दाखला न्हाई आणला."

माझा तोल गेला. सगळ्या रांगेदेखत मी त्यांना बोलले. लेकीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला तहसीलपर्यंत जाववत नाही? पाच वर्षं काय करत होतात? मेंढरं सांभाळता तेवढी तरी लेक सांभाळायची. हे शेवटचं वाक्य मी खरंच बोलले. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

त्यांनी ऐकून घेतलं. मग कार्ड उघडलं, माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि काळंभोर बोट पानावर टेकवलं.

"हे बघा ताई. हे माझं नाव. हे हिच्या मायचं."

दुसऱ्या नावावर लाल पेनानं एक जाड रेघ मारलेली होती. आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पेन इतकं दाबून चालवलेलं की कागद तिथं फाटायला आला होता. त्याच्याखाली तिसरं नाव लेकीचं, कोरं करकरीत.

"हिची माय वारली तवा नाव कमी कराया गेलतो," ते म्हणाले. "साहेबानं लाल पेन काढला आन माझ्याम्होरं अशी रेघ वढली. मला कसंकसंच झालं, पर म्हणलं, मेलेलं माणूस हाय, काय करता. मग हिचं लगीन झालं. दुकानदार म्हणं, हिचं नाव कमी करून आना. दोनदा गेलतो ताई. दोन्ही डाव साहेबानं त्योच लाल पेन काढला. म्या कार्ड वढून घेतलं आन घरी निघून आलो." त्यांनी बोट लेकीच्या नावावर सरकवलं. "मेलेल्या माणसाची आन नांदत्या लेकीची येकच रेघ कशी वो ताई?"

मला माझ्या वडलांचं कार्ड आठवलं. त्यावरही माझ्या नावावर अशी रेघ असणार. मी ती कधी बघितली नव्हती आणि वडलांना ती ओढताना बघून काय वाटलं असेल हेही कधी विचारलं नव्हतं. आता ते विचारायला नाहीत.

तेवढ्यात रांगेतला एक टगा म्हणाला, "म्हंजी बाबा, पाच वरीस लेकीच्या वाट्याचं धान्य बी खाल्लं की तुमी!"

"म्या कावून खाऊ?" म्हातारा उसळला. "तिच्या वाट्याचं तिलाच धाडीत आलो. ईचारा."

काकू भिंतीचा आधार घेऊन उठल्या. "व्हय. पाडव्याला पोरं आली की ह्यांच्याकडून पोतं येतं. मला वाटायचं, लेकीला खाऊ धाडत्यात."

माझी नजर अजून त्या कोऱ्या नावावरच होती. आणि मग डोक्यात उजेड पडला. पडला म्हणजे काय, मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. विम्याची यादी रेशनकार्डावरून बनलेली. मी तिला सासरच्या कार्डावर शोध शोध शोधत होते, कारण सून सासरची, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण ती या कार्डावर आहे की! नाव काढलेलंच नाही, म्हणजे ती यादीतही इथंच असणार. आणि तिचं आधारही लग्नाआधीचं, माहेरच्याच नावाचं.

मी वडलांच्या कार्डाचा नंबर टाकला. चाक फिरत राहिलं. आमच्या ओट्यावर नेटवर्क म्हणजे मनात आलं तर येणारा पाव्हणा. मी मोबाईल घेऊन पायरीवर गेले, मग रस्त्यावर गेले, आणि रांगही माझ्या मागून रस्त्यावर आली. मग यादी आली. वडलांचं नाव आणि त्याखाली तिचं.

"आलं!" मी एवढ्या जोरात ओरडले की दुकानदार तराजू सोडून बाहेर आला.

टेबलाशी परत येऊन मी मोबाईल तिच्या चेहऱ्यासमोर धरला. "मिचकव डोळे." तिनं मिचकवले तर डोळ्यांतून पाणीच ओघळलं आणि मोबाईलला काही कळेना. पदरानं डोळे पुसले, पुन्हा मिचकवले, पुन्हा पाणी. "अगं बाई, कार्ड निघू दे, मग रड पोटभर," म्हटलं तेव्हा ती हसली आणि तेवढ्यात हिरवी खूण आली. थोड्या वेळानं तिचं कार्ड माझ्या मोबाईलवर होतं. मी म्हाताऱ्याला दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लेकीचा फोटो ओळखता आला. मी सगळ्या रांगेदेखत त्यांना म्हणाले, "बाबा, मघाशी मी वाट्टेल ते बोलले. चुकलं माझं."

"चालतंय की," ते म्हणाले. "नाव ऱ्हायलं ते बरंच झालं बगा."

कोयत्याचा प्रश्न मात्र उरला होता. नवरा एकटा गेला तर मुकादम अर्धा कोयता धरणार, म्हणजे पैसेही अर्धे. नवरा आला, ओट्यावर उकिडवा बसून बोटांवर हिशेब घालायला लागला. तेव्हा काकू म्हणाल्या, "म्या जाते ह्याच्यासंग."

"तू? तुझी कंबर?" लेकानं विचारलं.

"कंबर माझी हाय, तुला काय करायचंय? कोयता धराया म्या इसरले न्हाई अजून." मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "तू बापासंग जा. नीट हून ये." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आला तेव्हा भांड्यांच्या पोत्यावर काकू बसल्या होत्या आणि सून खाली उभी राहून त्यांच्या हातात भाकरीचं गठुडं देत होती.

संभाजीनगरला पहिल्या दिवशी मी सोबत गेले. खिडकीवरच्या माणसाला कार्ड आणि आधार दिलं. आता हा विचारणार, लग्न झालंय ना, मग नवऱ्याचं कार्ड कुठं? मी उत्तरांची जुळवाजुळव करत होते. त्यानं दोन्ही कागद बघितले, काहीतरी टाईप केलं आणि म्हणाला, "बसा." एवढंच. आयुष्यात सरकारी खिडकीवर इतका गोड शब्द मी ऐकला नव्हता.

म्हातारा मात्र फुगा म्हटल्यावर हबकला होता. "काळजात फुगा? जत्रंतला?" डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. मांडीतल्या शिरेतून नळी नेतात, झडपेत फुगा फुगवतात, झडप उघडली की फुगा काढून घेतात. "काढत्यात ना पर?" त्यांनी दोनदा विचारून घेतलं. चार दिवसांनी मला तिचा फोन आला. "ताई, दवाखान्याचा जिना चढले. मधी थांबले न्हाई." मी अंगणवाडीत होते. लेकरांसमोरच रडले. बाई कावून रडती, म्हणून लेकरं खिचडी सोडून माझ्याभोवती गोळा झाली.

त्या दसऱ्याआधीच मी पुठ्ठ्यावरचं लिहिणं बदललं होतं. खाली एक ओळ वाढवली: सुनांनी माहेरचं रेशनकार्डही बघावं. सुना आपापल्या माहेरी फोन लावायला लागल्या आणि कार्डाचे फोटो मागवायला लागल्या. कितीतरी जणींची नावं तिकडं जशीच्या तशी निघाली. कुणाचा बाप आळशी होता, कुणाचा विसरला होता, कुणाला दाखला म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. आणखी कुणाला काढवलं नव्हतं का, ते मी विचारलं नाही. मांडवात उभं राहून बापांना तंबी देणं मात्र मी बंद केलं. आता एवढंच सांगते की सासरी नाव चढायच्या तयारीनं कागद करा, मध्ये लेक कुठंच नाही असं होऊ देऊ नका.

पुढच्या पाडव्याला काकू परत आल्या त्या पक्कं ठरवूनच. सुनेचं नाव आपल्या कार्डावर घालायचं, आता राहून जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी पालीच्या कार्डावरून ते कमी करणं भाग होतं. मी तिच्याबरोबर बीडच्या तहसीलला गेले. तिचे वडील आमच्या आधीच येऊन बसले होते, तोच खताच्या पिशवीचा कागद मांडीवर घेऊन. त्यांनी अर्जावर अंगठा दिला. कारकुनानं संगणकावर नाव कमी केलं, दाखला छापला, मग कार्ड ओढून समोर घेतलं आणि खिशातलं लाल पेन काढलं.

म्हाताऱ्याचा हात आपोआप कार्डाकडं गेला. मी मध्ये पडले.

"साहेब, रेघ नका मारू."

"ताई, नाव कमी केल्याचं कार्डावर दिसायला नको का?"

"दिसू दे की. शेजारी लिहा. वरच्या नावावर बघा, ती त्यांची वारलेली बायको आहे. ही लेक जित्तीजागती समोर उभी आहे तुमच्या. दोघींना एकच रेघ मारता?"

कारकुनानं वर बघितलं. म्हाताऱ्याकडं, मग तिच्याकडं. मी भांडायच्या तयारीत होते, पण भांडायची वेळच आली नाही. त्यानं लाल पेन खिशात ठेवलं, टेबलावरचं निळं उचललं, तिच्या नावापुढच्या मोकळ्या रकान्यात काहीतरी लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि कार्ड परत दिलं.

बाहेर येऊन म्हाताऱ्यानं ते लेकीपुढं धरलं. "काय लिवलंय गं?"

तिनं वाचलं, "विवाह झाला. सासरी नांदते."

रस्त्यावरून एक एसटी गेली, तिची धूळ खाली बसेपर्यंत बाबा कार्ड तसंच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आजून येक डाव वाच."